कुडू सापडेपर्यंत

लाडक्या कावेझुवाला आईचा आशीर्वाद.

मी धडधाकट आहे. तुला कळा सुरू झाल्या का? मोठी पोरं शेळ्या नीट वळतात ना?

इथल्या शिकारछावणीतला पाहुणा पहिल्यांदाच शिकारीला आलाय. बंदूक नवी, बूट नवे, नेम अजून जन्माला यायचाय. परवा त्याने एका कुडू हरणाच्या पोटात गोळी घातली आणि कुडू पळाला. जखमी जनावर सापडेपर्यंत छावणी सोडून कुणी घरी जायचं नाही, असा नियम. एकुलती एक गाडी माग काढत रानात फिरतेय, मी अडकलेय.

मालक हानेसला म्हटलं, "पोरीचं बाळंतपण आहे, सोड मला."

"आजी, कुडू सापडू दे आधी."

"मग बाळंतपणही तूच कर!"

हसला, पण गाडी दिली नाही.

ही चिठ्ठी कुंपण तपासत तुमच्या बाजूला निघालेल्या माणसाकडे देते. त्याच्या घोड्यावर मी बसले तर घोडाच मरेल.

कळा लांबल्या तर तुझ्या बहिणीसारखी गप्प सोसू नकोस. नर्सला ओरडून बोलाव.

हे लोक कुडूला टेकडीवर शोधताहेत. पोटात गोळी लागलेलं जनावर पाण्याकडे जातं, पण स्वयंपाकिणीला विचारतो कोण? म्हणून आज मी चूल विझवली. उपाशी पोटी येतील विचारायला. मग पाण्याच्या वाटेने मी पुढे चालेन, हे मागून येतील.

वाट बघणारी,
तुझी आई