आठवी-बचे अवतार आणि मला अजिबात न वाटलेली भीती

सोमवार, ६ जानेवारी
स्टाफ मीटिंग. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, विचारलं की एकतीस तारखेला तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार आहेत, त्यांच्यासमोर कॉम्प्युटर वापरून तास कोण घेणार? मी हात वर केला. खरं म्हणजे मानेवर डास बसला होता. पण एकदा वर गेलेला हात मी खाली घेतला नाही, हे महत्त्वाचं. याला पुढाकार म्हणतात.
बाईंनी दोनदा विचारलं, नक्की तुम्हीच?
छातीत धडधडत होतं. जिने चढल्यामुळे. मीटिंग तळमजल्यावर होती, पण सकाळी चढलो होतो ना.

मंगळवार, ७ जानेवारी
कॉम्प्युटरच्या सरांना सहज विचारलं, की एखाद्याला असा तास घ्यायचा असेल तर त्याने काय करावं. ते म्हणाले, फुकटच्या वेबसाइट आहेत, मुलांकडून अवतार बनवून घ्या. केस, डोळे, कपडे निवडायचे, कार्टूनसारखं एक डोकं तयार होतं. त्यात आपला आवाज भरला की ते आपल्या आवाजात बोलतं.
योजना जागच्या जागी सुचली. माझा अवतार शिकवेल, मुलांचे अवतार उत्तरं देतील, साहेब पडद्याकडे बघतील. माझ्याकडे बघायचं कुणाला कारणच उरणार नाही. शिक्षणात ही क्रांती आहे.
घरी सांगितलं. ही म्हणाली, म्हणजे तुम्ही लपणार. लपणं आणि मार्गदर्शन यांतला फरक मी तिला समजावला. ती कपडे वाळत घालायला निघून गेली.

गुरुवार, ९ जानेवारी, दुपारी ४.१०
वेबसाइट शोधल्या. पहिलीने फोटो मागितला. दिला.

त्याच दिवशी, ५.३०
कन्या कॉलेजमधून आली. म्हणाली, बाबा, असल्या ठिकाणी कुणाचे फोटो टाकू नका हं, आणि मुलांचे तर नाहीच. खरी नावंही नकोत. मी म्हणालो, मला काय एवढं कळत नाही?
माझा फोटो आत्ता कुठे असेल? कुणाच्या हातात? तो फोटो ओळखपत्रावरचा आहे, म्हणजे मी त्यात आधीच गुन्हेगारासारखा दिसतो.
दुसरी वेबसाइट बरी निघाली. फोटो नको, तीस सेकंद फुकट. माझा अवतार बनवला. केसांच्या बाबतीत थोडी उदारता दाखवली. कन्येने विचारलं, हे कोण? हिने लांबूनच पाहिलं आणि म्हणाली, काय हा अवतार! हे कौतुक होतं की कसं, ते कळायला मार्ग नाही.

सोमवार, १३ जानेवारी
आठवी-बला लॅबमध्ये नेलं. छत्तीस मुलं, अठरा कॉम्प्युटर, एक पासवर्ड. मी दाराजवळ उभा राहिलो. तिथून सगळ्यांवर नजर राहते. शिवाय दार जवळ असतं.
वर्ग शांत. माझ्या तासाला नेहमीच असतो. शेजारी विज्ञानाच्या बाईंच्या तासाला छप्पर उडायचं बाकी असतं, आणि माझ्याकडे टाचणी पडली तरी ऐकू येईल. चोवीस वर्षांचा दरारा आहे, आणखी काय.
म्हणूनच विषय दिला: मला कशाची भीती वाटते. माझ्या अंदाजाने निदान तीस जण म्हणतील, सरांची. साहेबांसमोर शिस्तीचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता? घरून फोनवर आवाज भरून आणायला सांगितलं.
कुणी मांजर झालं, कुणी रोबो. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर जी मुलगी बसते, तिने जहाजाचा म्हातारा कप्तान बनवला. पांढरी दाढी, टोपी, एक भुवई वर. ही मुलगी जूनमध्ये नव्याने आली. आजपर्यंत वर्गात चकार शब्द बोललेली नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते. दरारा कधीकधी जरा जास्तच होतो, हे मान्य.

गुरुवार, १६ जानेवारी
छत्तीसच्या छत्तीस मुलांनी आवाज भरले. अजून एकही ऐकलेला नाही. वेळ झाला नाही. दोनदा कानाला हेडफोन लावले, पण ते टोचतात.
दुपारी वेबसाइटचं ईमेल आलं. अभिनंदन, तुमचा वर्ग दोनशे बारा वेळा पाहिला गेला!
कुणी पाहिला?
उघडून पाहिलं तर आमचं पान सगळ्या जगाला उघडं. वर मीच टाइप केलेलं शाळेचं नाव, आठवी-ब, आणि खाली छत्तीस डोकी. दाबलं की बोलतात. पोरांचे खरेखुरे आवाज!
तोंडचं पाणी पळालं. म्हणजे तहान लागली. कॉम्प्युटरच्या सरांना विचारलं, माझ्या एका मित्राचं असं झालं तर? ते म्हणाले, सेटिंगमध्ये कुलपाचं चित्र असेल. मला कुलूप सापडलं नाही. एक घंटा सापडली, ती दाबली. संध्याकाळपर्यंत दोनशे साठ.
निर्धार: उद्या शांत डोक्याने बघायचं. घाबरून काही होत नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी
दुसऱ्या तासाला शिपाई आला. म्हणाला, ऑफिसात एक गणवेशातले गृहस्थ आलेत, आठवी-बच्या अवतारवाल्या सरांना भेटायचंय म्हणतात.
गणवेशातले.
नकाशांच्या खोलीत गेलो. नकाशे बऱ्याच दिवसांत तपासले नव्हते. आतून कडी लावून तपासले. पायांत जीव नव्हता, म्हणून खाली बसून तपासले. पाऊण तासाने शिपायाने बाहेरून सांगितलं, सर, गेले ते. सोमवारी परत येतो म्हणालेत.
शिपायाला मी इथे आहे हे कसं कळलं, कोण जाणे.
घरी जेवण गेलं नाही. ही म्हणाली, चेहरा पांढराफटक पडलाय. मी म्हणालो, खडूची धूळ.

रविवार, १९ जानेवारी, सकाळी
काल दिवसभर विचार केला. गणवेश म्हणजे पोलीस. पोलीस म्हणजे मुलांचे आवाज जगभर पसरवल्याचा गुन्हा. चोवीस वर्षांची नोकरी, आणि पेपरात तो ओळखपत्रावरचा फोटो.
दारावरची बेल वाजली तेव्हा मी न्हाणीघरात गेलो. दूधवाला होता.

सकाळी ११.२०
पुसून टाकलं. छत्तीसच्या छत्तीस. वेबसाइटने विचारलं, नक्की? परत आणता येणार नाही. नक्की म्हणालो. पासवर्डही बदलला. पानच नाही, तर पुरावा कसला? परिस्थिती पूर्णपणे हाताळली. दोन वेळा चहा घेतला. माणूस निर्णयक्षम असावा लागतो.
मुलांना सांगायचं, सर्व्हर बिघडला.

सोमवार, २० जानेवारी
जिन्यातच गाठलं त्यांनी. वर जावं तर ते, खाली जावं तर खालून मोठ्या बाई येत होत्या.
पोलीस नाहीत. बस चालवतात. तिसऱ्या बाकावरच्या मुलीचे वडील. शुक्रवारी ड्यूटीच्या मधल्या वेळेत आले होते, म्हणून गणवेश. टोपी काढून हातात धरली होती. मला म्हणाले, सर, तुमचे आभार कसे मानू? आमची मुलगी घराबाहेर बोलतच नाही हो. गाव बदललं, शाळा बदलली, सगळे उपाय केले. पण त्या कप्तानासाठी तिने चार दिवस तयारी केली. आम्हाला खोलीबाहेर काढून आवाज भरला. तिच्या आत्याला लिंक पाठवली, तर आत्या सारखी लावून ऐकते. तिने सगळ्या नातेवाइकांना पाठवली. दोनशेच्या वर आकडा गेलाय, तो आमच्याच घरच्यांचा असणार बघा.
मग विचारलं, काल दुपारपासून ते पान उघडत नाही. काही बिघाड आहे का, सर?
मी म्हणालो, सर्व्हर.
ते म्हणाले, होईल ना पण नीट? तिने रात्री जेवताना तीनदा विचारलं.
मी म्हणालो, होईल.
टोपी घालून ते ड्यूटीवर गेले. मी जिन्यातच कठड्याला धरून उभा राहिलो. शुक्रवारी वाटलं ती भीती नव्हतीच म्हणायची. ही वेगळी आहे. ही पोटात दगडासारखी बसते आणि चहानेही हलत नाही.

मंगळवार, २१ जानेवारी
वेबसाइटला चार पत्रं लिहिली. चारही वेळा एकाच यंत्राने उत्तर दिलं, की तुमचा दिवस आनंदात जावो.
वर्गात सांगितलं, सर्व्हर बिघडला, सगळं गेलं, पुन्हा करावं लागेल. कुणी कुरकुर केली नाही. रोबोवाला म्हणाला, होतं असं, सर.
हजेरी घेतली. तिसऱ्या बाकावरून हात वर आला नाही. मुलगी जागेवर होती. खिडकीबाहेर बघत होती. मी हजर असं लिहिलं आणि पुढचं नाव घेतलं.

गुरुवार, २३ जानेवारी
खरं सांगून टाकायचं ठरवलं. अर्थात स्वतः बोलण्याची गरज नाही. माझा अवतार बोलेल. तो माझ्यापेक्षा रुबाबदार आहे, मुलांना कमी धक्का बसेल. दीड पान मजकूर लिहून काढला. आवाज नऊ वेळा भरला. आठ वेळा चिरकला.

शुक्रवार, २४ जानेवारी
लॅबमध्ये पडद्यावर माझा अवतार लावला. मी पडद्याच्या बाजूला, थोडासा मागे. अवताराने सुरुवात छान केली. प्रिय विद्यार्थ्यांनो, तंत्रज्ञानाच्या या युगात, वगैरे. मग म्हणाला, या दुर्दैवी घटनेला जबाबदार असलेली व्यक्ती म्हणजे,
आणि थांबला. तीस सेकंद संपली होती. फुकट तेवढंच. तोंड उघडंच राहिलं.
छत्तीस डोकी पडद्यावरून माझ्याकडे वळली.
दार सहा पावलांवर होतं, मी मोजलं. मग म्हणालो, मी. मी पुसलं. सर्व्हर वगैरे काही नाही. घाबरलो होतो.
वर्गाचा मॉनिटर उठला. जाड चष्म्याचा, शहाणा मुलगा आहे. त्याने विचारलं, कुणाला घाबरलात, सर? आवाज असा, जसा आपण आजारी माणसाशी लावतो.
मी म्हणालो, पोलिसांना. मोठ्या बाईंना. साहेबांना. मग आणखी एक तोंडातून निघून गेलं. तुम्हालासुद्धा.
कुणी हसलं नाही. मॉनिटर म्हणाला, ते माहितीये, सर. जूनमध्ये पहिल्या तासाला तुमच्या हातातला खडू एवढा हलत होता की आम्ही मधल्या सुट्टीत ठरवलं, या सरांच्या तासाला कुणी आवाज करायचा नाही. रोबोवाल्याने भर घातली, आम्ही सगळा आवाज विज्ञानाला करून घेतो.
यावर मी काय म्हणालो, ते आठवत नाही. बहुधा बसा म्हणालो. सगळे बसलेलेच होते.
तास संपल्यावर तिसऱ्या बाकावरची मुलगी टेबलाजवळ आली, एक कागद ठेवला आणि गेली. कप्तानाचा मजकूर होता, मी न ऐकलेला. लिहिलं होतं: मला सगळ्यांसमोर बोलायची भीती वाटते. जुन्या शाळेत मी कविता म्हटली तेव्हा सगळे हसले, कारण माझा आवाज घोगरा आहे. म्हणून मी तो कप्तानाला दिला. त्याला शोभतो.
नकाशांच्या खोलीत गेलो. काही तपासलं नाही.

सोमवार, २७ जानेवारी
कुलूप सापडलं. मुलांनीच दाखवलं. आता पान फक्त वर्गाला आणि घरच्यांना दिसतं. शाळेचं नाव काढलं. नवा पासवर्ड मुलांनी ठरवला. मला सांगितला नाही. सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे.
संध्याकाळी सगळे आवाज पुन्हा भरून आले. या वेळी सगळे ऐकले. कुत्रा, अंधार, गणित, आईबाबांची भांडणं, लिफ्ट, आजोबांचा खोकला. सरांची भीती एकालाही वाटत नाही. पस्तीस आवाज. कप्तान अजून गप्प होता. मंगळवारची भर: तो रात्री उशिरा आला, असं मुलांनी सकाळी सांगितलं.

शुक्रवार, ३१ जानेवारी
तपासणी. सकाळपासून पोटात गोळा. तो होता, हे लिहायला आता हरकत नाही.
साहेब वर्गात, लॅबमधून आणलेल्या पडद्यासमोर, चार मिनिटं बसले. मांजर ऐकलं, रोबो ऐकला, फोन वाजला, छान छान म्हणाले आणि फोन कानाला लावून निघून गेले. मोठ्या बाई त्यांच्या मागे गेल्या. माझ्या छत्तीस वाक्यांच्या भाषणातलं एकही बोलावं लागलं नाही.
मुलं म्हणाली, पुढचे पण लावू या ना, सर. लावले. अकरावा कप्तान. तो आला, भुवई वर केली आणि इंटरनेट गेलं. मधोमध एक चाक गोल गोल फिरत राहिलं.
अशा वेळी शिक्षकाने काहीतरी करायला हवं. काय करावं, याचा मी विचार करत होतो. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून आवाज आला. घोगरा, भरड. ती उभी होती, दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून. सगळा मजकूर तिने जागेवरून म्हटला. तीस सेकंद संपली तरी थांबली नाही. पुढे म्हणाली, आत्ता पण भीती वाटतेय, पाय कापतायत, बघा.
सगळ्यांनी वाकून पाय बघितले. मीसुद्धा. कापत होते.
मग कुणीतरी ओरडलं, कप्तान! आणि बाक वाजायला लागले. सगळ्यांनाच एकदम उभं राहून आपली भीती तोंडाने सांगायची होती, अवतार नको, काही नको, माझं आधी, माझं आधी. मॉनिटर खुर्चीवर चढला होता. माझ्या तासाला जूनपासून साठवलेला आवाज एकदमच बाहेर पडला असावा. शांत बसा म्हणावं असं वाटलं. पण कप्तान हसत होती.
दार उघडलं. मोठ्या बाई. कपाळाला आठ्या. त्या आवाजातच त्यांनी ओरडून विचारलं, या वर्गावर कुणी शिक्षक आहेत की नाही?
मी होतो. तसं दोनदा सांगितलंही. त्यांना ऐकू गेलं नाही.