दुभाजकातली वाट बंद झाली, आक्का

आक्का,

आज दुपारी आपल्या घरासमोरची हायवेच्या दुभाजकातली फट बंद झाली. दोन माणसं आली, लोखंडी जाळी उभी केली, वेल्डिंग केलं आणि तासाभरात निघूनही गेली. ह्यांना फोन करून सांगितलं, शेजारणींना सांगितलं. मग ध्यानात आलं, जिला सगळ्यात आधी सांगायचं त्या मोठ्या जावेलाच सांगायचं राहिलं. म्हणून अंगणवाडीच्या वहीची चार पानं फाडून बसले आहे. सरकारी वही फाडली म्हणून रागावू नका!

तुम्ही काय म्हणाल ते ठाऊक आहे. "बंद क्येलं? मग रानात काय उडत जायाचं व्हय?" ऐका तरी.

मी नवी नवरी होते तेव्हाची गोष्ट आठवते का? घर ह्या अंगाला, रान आणि गोठा त्या अंगाला, मधून उंब्रजकडं पळणाऱ्या गाड्या. पहिल्या दिवशी दुधाची किटली घेऊन मी कडेला उभी राहिले ती उभीच. रडायची बाकी होते. तुम्ही मनगट धरलंत. "गाडीकडं बघू नगंस गं. दोन गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागंकडं बघ. मी चल म्हंटलं की चल."

त्या दुभाजकाच्या फटीत आपण किती वेळा उभ्या राहिलो असू! दोन्हीकडून ट्रक, पदर फडफडतोय, आणि तुमच्या गप्पा चालूच. तिथंच एकदा माझ्याकडं निरखून बघत तुम्ही विचारलं होतंत, "तुला दिस गेल्यात का गं सुनंदा?" मला स्वतःला तरी कुठं नक्की माहीत होतं! ट्रकच्या आवाजात मी "व्हय" म्हणाले, आणि तुम्ही हसत माझ्या हातातली किटली काढून घेतलीत.

मग तुम्हाला भीती कशी वाटायची नाही, आक्का? हायवेखालून जाणारा बोगदा काय लांब होता? अर्धा किलोमीटर. पावसात गुडघाभर पाणी, एरवी घाण, ते खरं. तरी एकदा मी भीतभीत म्हणाले होते, "बोगद्यातनं जाऊया का?" तुम्ही काय म्हणालात? "तुला लय येळ दिसतोय!"

पण तुम्हाला बोल लावून मी कशी सुटेन? अंगणवाडीच्या भिंतीवर मीच तक्ता लावला होता. रस्ता वरून ओलांडायचा नाही, बोगद्यातून जायचं. पोरं सुरात म्हणायची. एक दिवस एक चिमुरडी सगळ्यांसमोर म्हणाली, "बाई, काल तुमी वरनं गेलासा." मी हसून विषय बदलला. त्याच संध्याकाळी तुम्हाला ठामपणे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चाळीस पोरांना शिकवणारी मी, मोठ्या जावेला शिकवायचं कसं, म्हणून गप्प राहिले.

आणि ती सकाळ. नऊ वाजले असतील. मी अंगणवाडीच्या दारात होते. तुम्ही त्या अंगाच्या कडेला, डोक्यावर सरपणाचा भारा. एक ट्रक हळू झाला, थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून हात केला, जा म्हणून. आपल्यासाठी कुणी थांबलंय, त्याला खोळंबून ठेवू नये, म्हणून तुम्ही पाय उचललात. तुमचा स्वभावच तो! भाऱ्यानं मान वळत नव्हती. ट्रकच्या तोंडासमोरून भारा पुढं सरकताना मला दिसला, आणि ट्रकच्या पलीकडून येणारी मोटारही दिसली. मोटारवाल्याला तुम्ही दिसत नव्हतात, तुम्हाला तो दिसत नव्हता. दोघं दिसत होते ते फक्त मला.

मी ओरडले. ऐकू आलं का हो तुम्हाला?

मी पोचले तेव्हा ट्रकवाला खाली बसला होता. तुमचं डोकं मांडीवर घेऊन, बाटलीतल्या पाण्यानं ओठ भिजवत "अम्मा, अम्मा" करत होता. मोटारीतलं तरुण जोडपं रस्त्यात उभं होतं. ती बाई रडत होती. मी त्यांना नाही नाही ते बोलले. आज ते शब्द तोंडात येत नाहीत.

कराडच्या दवाखान्याच्या दारापर्यंत तुमचा हात माझ्या हातात होता. आत गेल्यावर डॉक्टरांनी तो सोडवून घेतला.

तुमचे दिवस उरकले आणि बायका पुन्हा त्याच फटीतून जायला लागल्या. खोटं कशाला सांगू, मीही गेले! जनावरं काय थांबतात का? एक दिवस मात्र मधोमध उभी राहिले आणि पाय पुढंही टाकवेना, मागंही. किती वेळ गेला कळलं नाही. भावजींनी घरातून बघितलं असावं. ते आले, हाताला धरून मला अलीकडं आणलं.

मग मी ग्रामसभेत उभी राहिले. म्हटलं, बोगदा साफ करा, दिवे लावा आणि ती फट बंद करा. केवढा गोंधळ! आणि सगळ्यात मोठ्यानं विरोध कुणी केला सांगू? तुमच्या नवऱ्यानं! "म्हाताऱ्या माणसांनी एवढा वळसा घालायचा व्हय? न्हाई चालायचं."

घरी आल्यावर विचारलंच. "भावजी, तुमीच असं बोलायचं?"

ते तुमचा फोटो ठेवलेल्या कोनाड्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तिथं ती गेली, सुनंदा. ती जागाबी बंद क्येली, तर मी फूल कुठं ठेवू?"

तेव्हा कळलं. रोज पहाटे गोठ्यात जाताना ते त्या दुभाजकावर तुमच्यासाठी एक फूल ठेवत होते. फौजेत अठरा वर्षं काढलेला माणूस, घरात कधी तुमचं नाव घेऊन हाक मारली नाही, आणि हे! तुम्हाला तरी ठाऊक होतं का हो, त्या माणसाच्या पोटात एवढं होतं ते?

मी तो विषय सोडून दिला होता. पण एक दिवस ते सकाळी लवकर परतले ते तडक ओट्यावर बसले. म्हणाले, "मी फूल ठेवत हुतो. मागं वळून बघतोय तर तीन बाया किटल्या घिऊन उभ्या. मी मधी हाय म्हणून त्यांनी पाय टाकला. मला बघून, सुनंदा!"

त्याच दिवशी फावडं घेऊन ते बोगद्यात गेले. तुंबलेली गटार एकट्यानं उपसायला लागले. दुसऱ्या दिवशी मी गेले, तिसऱ्या दिवशी आळीतल्या अकरा बायका. पाणी निघून गेलं. दिव्यांसाठी अर्ज केले, हेलपाटे घातले, हायवेच्या साहेबाला आणून चिखलात उभं केलं. दिवे लागले. फट बंद करायच्या अर्जावर पहिली सही भावजींची आहे. आता वळशाला दहा मिनिटं जास्त लागतात. भारा डोक्यावर असला की मान दुखते, बायका कुरकुरतात. कुरकुरू देत.

अजून एक सांगायचं आहे. तो ट्रकवाला आला होता. बसवराज नाव, विजापूरकडचा. सर्व्हिस रोडला गाडी लावून, केळी आणि नारळ घेऊन दारात उभा. आत येईना. मोडक्या मराठीत म्हणाला, "मी थांबलं म्हणून अम्मा आली. मी हात केलं. थांबलं नसतं तर अम्मा जिवंत असतं."

मी म्हटलं, "दादा, इतक्या वर्षांत आमच्यासाठी थांबलेले तुमीच पयले."

त्याला ते पटलं नाही. त्यानं भावजींना विचारलं, "आता रस्त्याला बाई दिसलं की पाय ब्रेकवर जातं, मन भितं. थांबायचं का नाही, सांगा."

भावजींनी त्याला हाताला धरून ओट्यावर बसवलं. मग म्हणाले, "थांब. थांबायचं सोडू नगंस. पण हात करू नगंस. मागनं कोण येतंय ते आदी बघ." आणि मला म्हणाले, "ताट कर त्याला." तो जेवला, पण मान वर केली नाही. भाकरीवर डोळ्यांतलं पाणी पडत होतं.

पुढच्या महिन्यात तुमचं वर्षश्राद्ध. बसवराजला बोलावलं आहे, येतो म्हणालाय. भावजींच्या शेजारी त्याचं पान मांडीन. वाढायला मी असेन, आणि आक्का, तो मान वर करून पोटभर जेवेपर्यंत मी पंगतीतून हलणार नाही. हा माझा शब्द.

तुमची धाकटी जाऊ,
सुनंदा