तारा उन्हात उतरतात

३ एप्रिल
लग्नाचा सीझन सुरू. यंदाचा संकल्प : कुणावरही चिडायचं नाही. लग्नांत वाजवणाऱ्या आमच्या चौघांच्या ग्रुपचा लीडर मी, पहिल्या व्हायोलिनवर. बायको चेलोवर, मेहुणा दुसऱ्या व्हायोलिनवर, मास्तर व्हायोलावर. मास्तर पूर्वी शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. सुरांच्या बाबतीत रेघ वाकडीच.

पहिलं लग्न लॉनवर, रणरणत्या उन्हात. तिघंही बेसूर. मी तेवढा जागेवर. त्यांना समजावलं, उन्हात तारा उतरतात, दर गाण्यानंतर तपासत जा. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ओशाळले असावेत.

१८ एप्रिल
मेहुण्यावर चिडलो. संकल्प उद्यापासून.

१९ एप्रिल, दुपार
नवरा-नवरी एकमेकांसाठी दोन शब्द बोलणार, तेव्हा आपण थांबायचं, असं ठरलं होतं म्हणे. बायको म्हणते, गाडीत सांगितलं होतं. ती पुटपुटते, त्याला मी काय करणार? नवरीचे वडील समोरून दोन्ही हात हलवत होते. मला वाटलं, जोर वाढवा म्हणतायत. वाढवला. नवरीचे ओठ थरथरत होते, डोळ्यांत पाणी. सूर आत पोचला की असं होतं.

मग मास्तरांनी माझा गज धरला. चारचौघांत. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी अवाक्षर बोललं नाही. निदान मला तरी तसंच वाटलं.

२ मे
आमच्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात. लहानपणी तिला झोपवताना वाजवायचो, तीच धून तिला हॉलमध्ये येताना हवी आहे. सोलो वाजवणार. बायकोचं म्हणणं, मेहुण्याला जोडीला घ्या. का, ते सांगेना. खोदून विचारल्यावर म्हणाली, एकदा कान दाखवून घ्या. ज्याला तिघांच्याही चुका ऐकू येतात, त्याचा कान. रात्री जेवलो नाही.

१४ मे
मेहुण्याला मागे बसायची परवानगी दिली. घरात शांतता हवी.

दाराची बेल बिघडली आहे. इलेक्ट्रिशियन येऊन गेला. म्हणाला, बेल उत्तम वाजते. दुसरा इलेक्ट्रिशियन बघायला हवा.

६ जून, सकाळ
कॉलरचं बटण लागत नाही. हॉलवर मुलगी साउंडवाल्याशी कुजबुजत होती, मला पाहून दोघं गप्प झाले. सरप्राइज असणार. मुलीचा चेहरा मात्र सरप्राइज देणाऱ्याचा नव्हता. बायकोने दोनदा माझा खांदा दाबला. तिलाच जास्त टेन्शन.

६ जून, संध्याकाळ
जिंकलो. इतकं स्वच्छ मी आयुष्यात वाजवलं नव्हतं. मुलगी दारातून येताना नवऱ्या मुलाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. पाहुणे उठून टाळ्या वाजवत होते. मास्तर डोळे पुसत होते. पुढच्या सीझनपासून सोलोच करावं.

२१ जून
मुलगी आणि जावई जेवायला आले. लग्नाचा व्हिडिओ लावला. टीव्हीचा आवाज मीच पूर्ण वाढवला. माझी धून सुरू झाली. जावयाला म्हटलं, आता पुढची जागा नीट ऐका, ही सगळ्यांना जमत नाही.

ती जागा आली. पडद्यावर माझं वाजवून कधीच झालं होतं, मी व्हायोलिन मांडीवर ठेवून रुमालाने कपाळ पुसत होतो. धून चालूच होती. माझ्या मागे मेहुण्याचा गज हलत होता.

जावई ताटात बघत बसला. मुलीने टीव्ही बंद केला, माझ्या कानाशी येऊन बसली आणि मोठ्याने म्हणाली, "बाबा, तुमचा माईक बंद होता. मीच सांगितलं होतं."

मी विचारलं, मग मला बसवलंस कशाला?

"मला तुम्ही वाजवताना दिसायला हवे होतात."

जेवण उरकलं. ते गेल्यावर बराच वेळ व्हायोलिन हनुवटीखाली धरून बसलो. वाजवलं नाही. तारा उतरल्या होत्या की नाही, कुणाला विचारणार?

२२ जून
आज कानाच्या डॉक्टरकडे जायचं. बायको चप्पल घालून दारात उभी. म्हटलं, मी एकटा जाऊन येईन. त्यावर ती काहीतरी बोलली. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच बोलली असावी.

काय म्हणाली, ते ऐकू आलं नाही.