पोपटरावांच्या झेंडूत

३ ऑगस्ट, रवि.
सकाळी नर्सरीतून पोपटरावांची झेंडूची रोपं त्यांच्या दिंडोरीच्या शेतावर रवाना. दसऱ्याचा माल, वेळेत गेला.
दुपारी फूलवाल्यांची बैठक. बोलणं फवारणीवरून गांजावर कधी घसरलं, कळलं नाही. आमचे चिरंजीव निखिल उठून उभे: "द्राक्षाची दारू चालते, मग या एका झाडानं काय घोडं मारलंय?" आमच्या संघटनेचे वकीलसाहेब तापले. त्यांच्या शेजारचा मुलगा त्यापायी कॉलेज सोडून घरी बसलाय. दोघांचं ऐकून मी म्हटलं, "आधी कायदा होऊ द्या, रोपं आमच्याच नर्सरीतून न्या." सगळा हॉल हसला. कोणीतरी मोबाइलवर घेतलंय. ग्रुपवर फिरतंय.

५ ऑगस्ट, मंगळ.
शेडमध्ये फेरी. झेंडूच्या एका ट्रेच्या कोपऱ्यात तीन रोपं बाकीच्यांच्या डोक्यावर गेलेली. पान तसंच कातरलेलं, पटकन कळत नाही. चुरगाळून हुंगलं. झेंडू नव्हे. कुंभात साधूंच्या तंबूंना भाजी पुरवायचो, तेव्हापासून हा वास ओळखतो.
उपटून खिशात. जाळावीत तर वास, फेकावीत तर कुणाच्या नजरेस पडायची. नारळाच्या भुशाच्या, कोकोपीटच्या ढिगात पुरली.
मग दिसलं, शेजारचे कप्पे रिकामे. माल पाठवण्याआधी मेलेल्या रोपांच्या जागी बायका दुसऱ्या ट्रेमधली रोपं भरतात, आमची रीतच आहे. रविवारी पोपटरावांचे ट्रे याच ट्रेमधून भरले.
म्हणजे तसली रोपं दिंडोरीलाही गेली असणार.

६ ऑगस्ट, बुध.
ती शेड निखिलच बघतो. विचारलं. लपवलं नाही त्यानं. "पप्पा, मित्रानं बिया दिल्या होत्या. उगवतात का, एवढंच बघायचं होतं." किती टाकल्यास? "आठवत नाही." मला का नाही सांगितलंस? "घरी तुम्हीच तर म्हणता, वाइन चालते तर हे का नाही. वाटलं, हसाल."
हसलोही असतो कदाचित.
वकिलांना फोन केला, एका ओळखीच्याचं म्हणून. "चार रोपं काय अन् एकरभर काय, लागवड ती लागवड. ज्याच्या रानात सापडेल त्याला आधी उचलतील, रोपं कुठली ते मग विचारतील. ओळखीचा म्हणजे कोण हो, अण्णा?" म्हटलं, लांबचा.
व्हिडिओखाली अजून हसरी तोंडं येताहेत. पोलिसांनी तो बघितला तर माझ्या पोराचा 'प्रयोग' कोण मानणार?

७ ऑगस्ट, गुरु.
नि. आणि मी दिंडोरीला. पोपटरावांना सांगितलं, भेसळ झालीय, चुकीची रोपं काढून नेतो. सरीसरीतून वाकून चाललो. बांधावरून पोपटराव: "नर्सरीवाला रोपं इकतो ते म्हाईत होतं, परत न्यायला येतो हे नवीनच." वहिनी म्हणाल्या, "अण्णा, चहा घ्या आधी. झेंडू काय पळून नाय चालला."
काही सापडली. सगळी? नि.ला विचारावं तेव्हा आकडा वेगळा.
नाशिकला परतताना गाडीत तो म्हणाला, "कायदा असता तर ही वेळच आली नसती." म्हटलं, "असता तरी दुसऱ्याच्या रानात त्याला न विचारता लावायची मुभा तुला कोणी दिली नसती."
पोपटरावांना खरं सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात वहिनींनी कप पुढे केला अन् राहूनच गेलं.

१० ऑगस्ट, रवि.
पोपटरावांचा फोन. स्वारी खुशीत. "अण्णा, लावताना एक रोप लय जोमाचं दिसलं, ते मी कुंडीत काढलं होतं. तुम्ही आले तवा ध्यानातच नाय राहिलं. काल राखीला बहीण आली, तिला आवडलं, घेऊन गेली नांदगावला. दारात ठेवलंय म्हणे, बाजाराच्या वाटेवरच घर हाय तिचं. जात कोणती हो ती? पुढच्या साली सगळी तीच द्या."
म्हटलं, बघून सांगतो.
नि. समोरच बसला होता, सगळं ऐकलं. "मी सांगतो त्यांना, पप्पा." गाडीची किल्ली घेऊन दारात उभा आहे. त्याची आई विचारतेय, भरल्या ताटावरून कुठे निघालात.
आधी दिंडोरीला जाऊन खरं सांगायचं, की आधी नांदगावला जाऊन कुंडी उचलायची? नि. म्हणतो दिंडोरी. माझा पाय नांदगावकडे ओढतोय.