डोकं ढिलं सोड

बाबा, हसू नका, पण मी डोक्यात सुया टोचून घेतल्या. केसांसाठी. पंचेचाळिशी उलटली, पोरगी कॉलेजात गेली आणि आता पुन्हा मला टकलाची लाज वाटायला लागली. तुम्ही असता तर म्हणाला असता, "आता काय नव्यानं बाशिंग बांधाचं हाय काय बे?" बायको तेच म्हणाली, जरा सभ्य भाषेत. तरी मी गेलोच. आपल्या बुलढाण्यात आता केसांचे वेगळे डॉक्टर आहेत. चकचकीत दवाखाना, चपला बाहेर काढाव्या लागतात. डॉक्टर तरुण, पण बोलायला सरळ. म्हणाला, काही पुरुषांच्या डोक्याभोवतीचे स्नायू सारखे आवळलेले असतात, त्यामुळं वरच्या कातडीला रक्त कमी पोचतं असं काहींना वाटतं. सुरकुत्या घालवायला जे बोटॉक्स देतात तेच टोचायचं आणि ते स्नायू सैल करायचे. "केस येतीलच असं मी लिहून देणार नाही, सर. कोणाला थोडा फरक पडतो, कोणाला नाही. पक्कं अजून कोणालाच ठाऊक नाही." इतकं खरं बोलणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

टोचण्याआधी त्यानं जागा चाचपल्या. दोन्ही अंगठे कानशिलांवर, बाकीची बोटं मागं, आणि हळूहळू दाबत वर. मध्येच थांबून म्हणाला, "सर, डोकं सैल सोडा. किती आवळून धरलंय!" आणि मी त्या फिरत्या खुर्चीतून उठून थेट आपल्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो.

रविवार आहे. आई भाकरी थापतेय. चुलीच्या वैलावर तेलाची वाटी कोमट होतेय. मी पाटावर, तुम्ही मागं उंबऱ्यावर, माझे खांदे तुमच्या गुडघ्यांत अडकवलेले. आठवडाभर तहसिलीत शिक्के मारणारे तुमचे अंगठे माझ्या कानशिलांवर. "डोकं ढिलं सोड बे. काऊन एवढा आकडून राह्यला? कोणी कापून राह्यलं का तुले?" आई तिकडून म्हणते, "हळू हो जरा, पोराचं डोकं हाय, कणीक नाही." मग कधीतरी मान आपोआप मागं पडायची, तुमच्या पोटावर. तेव्हा मला कंटाळा यायचा, बाहेर मित्र हाका मारत असायचे. आज त्या कंटाळ्यासाठी जीव तुटतो, बाबा.

केस तर माझे कॉलेजातच विरळ व्हायला लागले होते. कोणीतरी सांगितलं, एकदा तुळतुळीत गोटा केला की दाट येतात. मी न्हाव्याच्या खुर्चीत बसलो, त्यानं डोक्याला पाणी लावलं, आणि आरशात तुम्ही दिसलात. दारात उभे, हातात भाजीची पिशवी, कपाळावर तीन आठ्या, मधली सगळ्यांत खोल. ओरडला नाहीत. "मी अजून जिता आहो," एवढंच म्हणालात. बाप असताना पोरानं डोकं भादरायचं नसतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, केसांपायी सुचलं नाही. ओल्या डोक्यानं तुमच्या मागं मागं घरी आलो. पुढं तुमच्या दहाव्याला त्याच न्हाव्यानं माझं डोकं भादरलं. मी सारखा आरशातलं दार बघत होतो.

आता सुयांचं ऐका. केस आले नाहीत ते नाहीतच. पण मध्यंतरी पोरगी न सांगता मैत्रिणींबरोबर लोणारला जाऊन आली आणि मी भडकलो. आई बाजेवर बसली होती. माझ्याकडं टक लावून बघत म्हणाली, "तुह्या कपाळाले काय झालं रे? चिडला का हुबेहूब त्याईच्यासारखा दिसे तू. आता काहीच नाही दिसत." मी आरशापुढं जाऊन भुवया आवळल्या, डोळे वटारले. कपाळ कोऱ्या पाटीसारखं. सुयांनी तेही सैल करून टाकलं होतं. तुमच्या तिन्ही आठ्या माझ्याकडं आल्या होत्या, हे मला त्या गेल्यावर कळलं. आई मात्र इतकी वर्षं त्या बघत होती.

डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, घाबरू नका, औषधाचा असर उतरला की कपाळ पहिल्यासारखं होईल. पण केसांची आशा असेल तर पुन्हा टोचावं लागेल, सोमवारी या. आणि मी अडकलो, बाबा. गेलो तर कानशिलांवर पुन्हा ते अंगठे मिळतात आणि तुमच्या आठ्या जातात. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. शेवटी आईकडं बघून नको म्हणून कळवलं. बायको म्हणाली, "सुटलं बाई एकदाचं केसांचं खूळ!" केसांचं खूळ केव्हाच सुटलं होतं, हे तिला कसं सांगू?

आई आता सकाळी चहा पिताना माझं कपाळ तपासते. काल म्हणाली, "मधली येऊन राह्यली." आणि पदरानं डोळे पुसले.

हे पत्र टपालात टाकायची काही सोय नाही, घडी करून कपाटात ठेवतो. एक तेवढं सांगायचं राहिलं. आज रविवार. सगळ्या देवळात गेल्यावर मी तेल कोमट केलं, पाट मांडला आणि माझेच अंगठे माझ्या कानशिलांवर ठेवले. खूप वेळ बसलो. आपल्याच हातानं डोकं ढिलं सुटत नाही, बाबा.