विहिरीकडची शंभर झाडं

ता. ९ डिसेंबर

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद. या नावाने हाक मारायचा हक्क मला उरलेला नाही, पण दुसरं नाव तोंडात बसत नाही, तेव्हा चालवून घे. आम्ही सगळे ठीक. तुझ्या सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. थंडी बरी पडली आहे.

विहिरीकडच्या शंभर संत्र्यांना यंदा दृष्ट लागावी असा माल आहे. फळ मुठीत मावत नाही, साल पातळ, रस हनुवटीवरून ओघळतो. रासायनिक खताची गोणी तिकडे तीन वर्षं फिरकलेली नाही. शेणखत, पेंड आणि तुझं ते जिवाणूंचं पाणी, तू वहीत लिहून ठेवलं होतंस अगदी तसं, तू गेल्यावरही मी देत राहिलो. व्यापारी म्हणाला, आजोबा, तुमच्या हाताला गुण आहे. मी नुसता हसलो.

मागच्या आठवड्यात बाजारात तुझा भाऊ भेटला. त्याला बोलायचं नव्हतं, मीच पिच्छा पुरवला. म्हणाला, तू कामाला आहेस त्या जिवाणू-खताच्या कंपनीने तुला बागा बघून सल्ला द्यायचं काम देऊ केलं, तू नको म्हणालीस. एक बाग घालवली, दुसऱ्याची घालवायची नाही, म्हणालीस. आता दिवसभर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवतेस. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

म्हणून आता लिहितोच.

ज्या सकाळी तू जिवाणूंचं पाणी कालवायला ड्रम मागितलास, त्याच्या आदल्या दिवशी मी त्यातूनच झाडांच्या खोडांना मोरचूद-चुना लावला होता. तळाशी चार बोटं निळं पाणी उरलेलं. ओतून टाकायचं जिवावर आलं. मनात म्हटलं, राहू दे, बुरशीही मरेल, खतही मिळेल, एका फेरीत दोन कामं. बुरशी मारणारं औषध तुझ्या जिवाणूंना तेवढं सोडून देणार आहे का, हे मला सुचलं नाही. शिक्षण चौथीपर्यंतचं, आणि शहाणपणा मात्र गावाला पुरून उरेल एवढा.

गोणी बंद केलेली आणि जिवाणू मेलेले, मग झाडं जगणार कशावर? याच शंभर झाडांची पानं त्या वर्षी पिवळी पडली, फळं लिंबाएवढी राहिली. तोवर औषधवाल्याने मला सांगितलं होतं, हे म्हणजे विष घालून मासे पाळणं झालं, काका. म्हणजे मला कळलेलं होतं. तरी पोरगा तुला चारचौघांत टाकून बोलला, सासू त्याची री ओढत राहिली, आणि मी सुपारी कातरत बसलो. तू कुणाला उलटून बोलली नाहीस. फक्त माझ्याकडे वळून विचारलंस, "मामंजी, ड्रम धुतला होता ना?"

मी म्हणालो, "धुतला की."

तू मान हलवलीस. शंकासुद्धा घेतली नाहीस. मग धुसफूस वाढत गेली, तू गेलीस, कागदांवर सह्या झाल्या. त्यातल्या कुठल्याही दिवशी मला तोंड उघडता आलं असतं.

काल पोराला सगळं सांगितलं. "आता कशाला सांगता?" म्हणाला आणि ट्रॅक्टर चालू करून निघून गेला. त्याच्या नव्या सोयरिकीची बोलणी चालली आहेत. हे तुला परक्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि ती मला पचणार नाही. पण ते काम घे. साहेब लोक विचारतील तर हे पत्र दाखव, हवं तर त्यांना इकडे पाठव, मी त्यांच्यासमोर सांगेन. बाग तू घालवली नाहीस, पोरी. मी घालवली.

एके काळी तुझा सासरा होतो तो