होडीतला होकार

सावंतवाडी,
माघ वद्य, सन १९६१

तीर्थस्वरूप दाजींस जयरामचा साष्टांग नमस्कार. तुमचा दमा बसला असेल, नर्मदाताईचे गुडघे जिना चढू लागले असतील आणि चिरंजीव गुरुदास अजून सडाच असेल, असे धरून चालतो. आमच्याकडे सारे ठीक, माझी कंबर तेवढी सोडून. आणि तिचीच ही हकीकत.

तुमच्या सांगण्यावरून गुरुदासासाठी महादू परबांची कावेरी पाहायला जुव्यावर जाऊन आलो. (जुवा म्हणजे खाडीच्या मधोमध राहून गेलेला मातीचा तुकडा. खाडीलाही नको झालेली जागा, आणि तिथे माणसे राहतात, वर तोराही मिरवतात!) एस.टी.ने मला काठावर माडाखाली उतरवले आणि "थंय होडी आसा" म्हणून कंडक्टर मोकळा झाला. होडी होती. तिला होडी म्हणायचे तर आमच्या घरच्या परातीला आगबोट म्हणावे लागेल. होडीवाला सत्यवान. कोर्टातल्या वकिलाने करू नयेत इतक्या चौकशा! कुणाकडे, कशाला, मुलगा काय करतो, वय किती? वय सव्वीस सांगायचे असे आपले ठरले होते. पण होडीवाल्यापाशी कसले लपवायचे, म्हणून मी खरे एकतीस सांगून बसलो.

होडीला नवी फळी बसवली होती, म्हणून निघण्याआधी गाऱ्हाणे. (मुंबईत राहून विसरला असाल, म्हणून आठवण देतो: एकाने नारळ ठेवून देवापुढे सगळ्यांचे मागणे मांडायचे आणि बाकीच्यांनी दर मागण्यामागून "व्हय म्हाराजा" ओरडायचे.) होडी बुडू नये, एवढे मागून हा मनुष्य थांबेल तर शपथ! हौसाबाईची हरवलेली शेळी झाली, कुणाचा कोर्टातला दावा झाला, कुणाच्या सुनेचे बाळंतपण झाले. भरती उतरू लागली तरी याचे मागणे संपेना. मी आपला ओरडतोय. लहानपणापासूनची सवय, तोंड आपोआप उघडते. तेवढ्यात कानावर आले, "बा देवा म्हाराजा, ह्यो वाडीचो पावणो महादूच्या कावेरीक बघूक इलोसा. तेचो भाचो एकतीस वर्साचो झालो, तरी तेका खंय पोरगी गावाक नाय. ही सोयरीक जुळवन दी रे म्हाराजा!" आणि दाजी, सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" कोण म्हणाले असेल? मी!

पुढे व्हायचे तेच झाले. अर्ध्या खाडीत पाणी संपले आणि होडी चिखलात बसली. "आता भरती इल्याबिगर काय खरा नाय," असे सांगून सत्यवानाने तंबाखू मळायला घेतली. जन्म गेला होडीत, आणि ओहोटीला पाणी जाते हे याला रोज नव्याने कळते! बाकीची मंडळी धोतरे-लुगडी खोचून चालती झाली. मीही ऐटीत उतरलो आणि मांडीपर्यंत रुतलो. दोघांनी काखेत हात घालून उपसले तेव्हा कंबर लचकली आणि एक वहाण खाडीने ठेवून घेतली. जुव्यावर गाडी नाही, रस्ता नाही. शेताच्या वीतभर मेरेवरून, म्हणजे बांधावरून, एका पायात वहाण घालून चालायचे. वर सोबतीचे म्हणतात, आमचो जुवो फिरान बघा! काय बघायचे? मी या टोकाला खोकलो तर त्या टोकाची कुत्री भुंकली.

परबांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पोचलो, तर माझ्याआधी गाऱ्हाणे पोचले होते. महादू परब हात जोडून म्हणाले, "देवाच्या म्होरां तुमी व्हय म्हटलात. आता बघूचां काय रवला?" आणि माझ्या हातावर साखर ठेवली. सकाळपासून पोटात अन्न नव्हते. खाल्ली.

सारांश, असल्या चिखलात आणि असल्या गळेपडू माणसांत आपण सोयरीक करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. ताईस नमस्कार, गुरुदासास आशीर्वाद.

तुमचा,
जयराम

ता. क. वरील मत नुसते वाचून सोडून द्यावे. साखर खाल्ल्यावर मताला कोण विचारतो? लग्न वैशाखात धरले आहे.

आणखी एक ता. क. ताई विचारील, मुलगी रंगाने कशी, उंच आहे का, नाकीडोळी कशी. दाजी, मी मुलगी पाहिलेलीच नाही. काय सांगायचे ते तुम्हीच सांगा आणि हे पत्र ताईच्या हाती लागू देऊ नका.

अगदी शेवटचा ता. क. खळ्यातून निघालो, तो माजघरातून आवाज आला. "मामांनू, देवाक व्हय तुमी म्हटलात. माका कोणी इचारूक नाय. तुमच्या भाच्याक एकट्याक धाडा. एकतीस वर्सां खंय होतो ता माका सांगूंदे, मगे मी काय ता सांगतंय." महादू परब खाली मान घालून उभे राहिले. मला मात्र, खरे सांगतो, त्या कंबरदुखीतही बरे वाटले. आपल्या घरात असे बोलणारे कुणीतरी हवेच आहे. लग्न धरले आहे ते आपण. तिने अजून धरलेले नाही. तेव्हा गुरुदासाला मिळेल त्या गाडीने धाडा. दाजी, ही मुलगी नाही म्हणाली तर मला फार वाईट वाटेल.